/डेव्ह मधून हार्ड डिस्क गायब: कुठून बघायला लागायचं आणि कुठे थांबायचं

लिनक्स मशिनची "डिस्क गायब झाली" ही तक्रार माझ्याकडे डीटीपीवाल्यांकडून येते, सीएंच्या ऑफिसांतून येते, शाळेच्या लॅबमधून येते. शब्द तेच, आतला आजार मात्र दर वेळी वेगळा. म्हणून आधी लक्षण नीट बघा. आपलं दुखणं यातलं कुठलं हे ठरलं की निम्मं काम झालं.

लक्षणं

लिनक्समध्ये प्रत्येक डिस्कची एक फाइल /डेव्ह या फोल्डरमध्ये असते. सगळ्यात सरळ प्रकार म्हणजे /डेव्ह/एसडीबी ही फाइलच नाही. माउंट करायला, म्हणजे डिस्क फोल्डरला जोडायला, जावं तर "डझ नॉट एक्झिस्ट" असं कोरडं उत्तर येतं.

दुसरा प्रकार: एसडीबी आहे, एसडीबी१ नाही. डिस्क दिसते, तिच्यावरचं पार्टिशन, म्हणजे आखलेला भाग, दिसत नाही.

तिसऱ्यात मशिन सुरू होतानाच अडकतं. "अ स्टार्ट जॉब इज रनिंग" ही ओळ दीड मिनिट पडद्यावर रेंगाळते आणि शेवटी इमर्जन्सी मोड. डेबियन किंवा उबुंटूमध्ये खुद्द रूटची, म्हणजे जिच्यावर लिनक्स आहे ती, डिस्क सापडली नाही, तर इनिट-रॅम-एफएसचा (आधी मेमरीत चढणाऱ्या तात्पुरत्या सिस्टिमचा) छोटा प्रॉम्प्ट समोर येतो.

चौथा प्रकार सगळ्यात पिडणारा. सकाळी डिस्क होती, दुपारी नाही. मशिन रीस्टार्ट केलं की परत हजर. किंवा एसडीबी म्हणून गेली ती एसडीसी होऊन परत आली.

कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीसारखी छोट्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, आणि बऱ्याच कमांडना पुढे सुडो लावावं लागेल. आणखी एक: कारण कळेपर्यंत एफएससीके (फाइलसिस्टिम दुरुस्तीची कमांड) चालवायचं नाही, फॉरमॅट करायचं नाही, नवं पार्टिशन टेबल लिहायचं नाही. गायब डिस्क बहुतेक वेळा परत येते. घाईत पुसलेला डेटा येईलच असं नाही.

फाइल नाही, म्हणजे नेमकं काय नाही?

/डेव्ह मधली फाइल ही दारावरची पाटी आहे. पाटी पडली म्हणून घर पडत नाही, आणि रिकाम्या प्लॉटवर पाटी ठोकली म्हणून घर उभं राहत नाही. ही पाटी लावतो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. डिस्क ओळखली की तो डेव्हटीएमपीएफएस नावाच्या मेमरीतल्या फाइलसिस्टिममध्ये नोड तयार करतो. मग युडेव्ह हा मदतनीस प्रोग्रॅम येऊन त्याच्या परवानग्या ठरवतो आणि /डेव्ह/डिस्क खालच्या लिंका बांधतो. ही व्यवस्था कर्नल २.६.३२ पासूनची, म्हणजे डिसेंबर २००९ पासूनची. त्याआधीच्या काळात नोड हाताने बनवायची पाळी यायची, आणि तेव्हाचे सल्ले अजूनही फिरत असतात: "एमकेनॉड /डेव्ह/एसडीबी बी ८ १६ द्या, झालं काम." फाइल बनते खरी. पण कर्नलला डिस्कच दिसत नसेल तर ती उघडताना "नो सच डिव्हाइस ऑर अ‍ॅड्रेस" येतं, आणि रीस्टार्टनंतर ती फाइलही उरत नाही. तेव्हा साखळी कुठे तुटली आहे ते आधी शोधायचं. एमकेनॉडची गरज क्वचितच पडते.

पहिली तपासणी: कर्नलला डिस्क दिसते का?

पैसा लागत नाही, मिनिटही लागत नाही. "एलएस /सिस/ब्लॉक" द्या. ही कर्नलची स्वतःची यादी. आता तीच नावं /डेव्ह मध्ये आहेत का बघा. यादीत डिस्क आहे पण /डेव्ह मध्ये नाही, तर भानगड सॉफ्टवेअरची आणि बहुतेक किरकोळ. यादीतच नाही, तर केबल, वीज, बायोस, ड्रायव्हर किंवा खुद्द डिस्क. पुढचा सगळा रस्ता इथूनच फुटतो, म्हणून ही पायरी गाळू नका.

फक्त "एलएसबीएलके" वर विसंबू नका, असं मी सांगेन. ज्या डिस्कचा आकार शून्य आहे ती हा कमांड सांगितल्याशिवाय दाखवत नाही. त्यासाठी "एलएसबीएलके -ए" द्यावं लागतं. आणि बिघडलेली डिस्क कित्येकदा नेमकी अशीच येते: नाव सांगते, मॉडेल सांगते, आकार मात्र शून्य. कार्ड रीडरचा रिकामा खाचाही शून्यच दाखवतो, त्याला घाबरू नका. पण एक टीबीची डिस्क शून्य दाखवत असेल तर खालच्या सगळ्या पायऱ्या सोडून थेट शेवटच्या भागावर जा.

नावच चुकीचं शोधताय का?

हे इतक्या वेळा निघतं की पैसे घ्यायला लाज वाटते. नव्या मशिनमध्ये डिस्क एनव्हीएमई (बोर्डात थेट बसणारी वेगवान एसएसडी) असते आणि तिचं नाव एसडीए नसतं, ते असतं एनव्हीएमई०एन१. पहिलं पार्टिशन एनव्हीएमई०एन१पी१. नुसतं /डेव्ह/एनव्हीएमई० दिसतं ते कंट्रोलरचं असतं, ते माउंट होत नाही. व्हर्च्युअल मशिनमध्ये व्हीडीए, मेमरी कार्ड असेल तर एमएमसीबीएलके०.

शिवाय एसडीए, एसडीबी ही नावं कायमची नाहीत. कर्नलला ज्या क्रमाने डिस्क सापडतात त्या क्रमाने अक्षरं वाटली जातात. एक पेन ड्राइव्ह लावून मशिन सुरू केलं तरी क्रम बदलू शकतो. एफस्टॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कुठली डिस्क कुठे माउंट करायची त्या फाइलमध्ये, कोणी /डेव्ह/एसडीबी१ लिहून ठेवलं असेल तर ते कधी ना कधी फसणारच. "एलएस -एल /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी" दिलं की प्रत्येक डिस्कचं मॉडेल आणि सीरियल नंबर दिसतो आणि आज ती कुठल्या अक्षरावर बसली आहे तेही कळतं. "बीएलकेआयडी" मधून यूयूआयडी (अक्षर बदललं तरी न बदलणारा ओळखक्रमांक) घ्या आणि एफस्टॅबमध्ये तोच लिहा. जी डिस्क नसली तरी मशिन सुरू व्हायला हवं, उदाहरणार्थ बॅकअपची, तिच्या ओळीत "नोफेल" टाका. तिसऱ्या लक्षणातल्या निम्म्या केसेस एवढ्यावर संपतात. सिस्टिमडी, म्हणजे मशिन सुरू करणारा प्रोग्रॅम, एफस्टॅबमधल्या डिस्कसाठी मुळात ९० सेकंद थांबतो आणि मग हात वर करतो. दीड मिनिटाची ती ओळ म्हणजे हेच.

यादीत आहे, /डेव्ह मध्ये नाही

कंटेनर किंवा सीएचरूटमध्ये (मुख्य सिस्टिमपासून वेगळ्या केलेल्या खोलीत) काम करत असाल तर तिथली /डेव्ह वेगळी असते. रेस्क्यू करताना बाहेरची /डेव्ह आत बाइंड माउंट करायची राहिली की आत डिस्क नाही म्हणजे नाहीच. बाइंड करा, पुढे चला.

लिंका गेल्या असतील, म्हणजे एसडीबी आहे पण बाय-यूयूआयडीखाली काही नाही, तर "युडेव्हएडीएम ट्रिगर" आणि मग "युडेव्हएडीएम सेटल". युडेव्ह लिंका पुन्हा बांधतो. मूळ नोडच कोणी आरएम करून उडवला असेल तर ट्रिगरने तो येत नाही, कारण नोड बनवणारा युडेव्ह नाहीच. सरळ रीस्टार्ट करा.

आता एक मजेशीर प्रकार. "एलएस -एल /डेव्ह/एसडीबी" दिल्यावर ओळीचं पहिलं अक्षर बघा. ते बी असायला हवं, म्हणजे ब्लॉक डिव्हाइस, आणि आकाराच्या जागी ८, १६ असे दोन आकडे: ८ हा एसडी ड्रायव्हरचा क्रमांक आणि १६ म्हणजे दुसरी डिस्क, कारण प्रत्येक डिस्कला १६ क्रमांक राखून ठेवलेले असतात. पहिल्या अक्षराच्या जागी नुसती आडवी रेघ असेल तर ती डिस्क नव्हेच, साधी फाइल आहे. पेन ड्राइव्ह न लावता कोणीतरी डीडी या कॉपीच्या कमांडने आयएसओ (इन्स्टॉलेशनची इमेज) /डेव्ह/एसडीबी वर लिहायला घेतलेली असते. डिव्हाइस नव्हतं, मग डीडीने त्या नावाची फाइल तयार केली आणि मेमरीत आयएसओ ओतायला लागला. नंतर खरी डिस्क लावली तरी त्या नावाची जागा अडलेली. ती फाइल पुसा, पण पहिलं अक्षर दोनदा वाचून, आणि डिस्क काढून परत लावा किंवा मशिन रीस्टार्ट करा.

डिस्क आहे, पार्टिशन नाही

"पार्टप्रोब /डेव्ह/एसडीबी" देऊन बघा. पार्टिशन टेबल बदलताना डिस्क वापरात असेल तर कर्नल जुनंच टेबल धरून बसतो. ही कमांड त्याला नवं वाचायला लावते.

तरी नाही आलं, तर "बीएलकेआयडी /डेव्ह/एसडीबी". उत्तरात लिनक्स_रेड_मेंबर आलं तर ती डिस्क सॉफ्टवेअर रेडची (अनेक डिस्क जोडून केलेल्या संचाची) आहे, "एमडीअ‍ॅडम --असेंबल --स्कॅन" द्या. एलव्हीएम२_मेंबर आलं तर ती एलव्हीएमची (डिस्कची जागा जोडून-विभागून वापरण्याच्या व्यवस्थेची) आहे, "व्हीजीचेंज -एवाय". क्रिप्टो_लक्स आलं तर डिस्क कुलूपबंद आहे, पासवर्ड देऊन उघडा. थेट ईएक्सटी४ आलं तर पार्टिशन न पाडताच पूर्ण डिस्क फॉरमॅट केलेली आहे आणि एसडीबी१ कधी नव्हतंच. या चारही बाबतीत डिस्क ठणठणीत असते. पण डेस्कटॉपवरचं एखादं टूल "अननोन" म्हणतं, शेजारी फॉरमॅटचं बटण असतं, आणि माणूस ते दाबतो.

काहीच उत्तर आलं नाही आणि कालपर्यंत डेटा होता, तर टेबल खराब झालेलं असू शकतं. ते परत शोधायचं काम टेस्टडिस्क हे टूल चांगलं करतं, पण आधी डिस्कची पूर्ण इमेज घ्या आणि त्या इमेजवर हात चालवा.

कर्नलची तक्रार वाचा

/सिस/ब्लॉक मध्येच डिस्क नसेल तर "डीमेसेज" (टाइप करताना डी-एम-ई-एस-जी; कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) द्या आणि एटीए, एनव्हीएमई किंवा यूएसबी शोधा.

साटा म्हणजे डिस्क बोर्डाला केबलने जोडायची पद्धत. "साटा लिंक डाउन" एकटं दिसलं तर दचकू नका, प्रत्येक रिकाम्या पोर्टसाठी ते येतं. ज्या पोर्टला डिस्क जोडली आहे त्याच्यासाठी आलं तर मात्र सिग्नलच पोचत नाही असा अर्थ. "कॉमरिसेट फेल्ड" किंवा पुन्हा पुन्हा "हार्ड रिसेटिंग लिंक" दिसलं तर जोडणी होते आणि तुटते. त्यातच "लिमिटिंग साटा लिंक स्पीड टू १.५ जीबीपीएस" अशी ओळ दिसली की मी नवी केबल पिशवीतून काढूनच ठेवतो: कर्नल वेग कमी करून कसंबसं जुळवून घेतोय.

डिस्क चालू मशिनमधून गेली असेल तर रीस्टार्ट न करता पुन्हा शोधायला लावता येतं. /सिस/क्लास/एससीएसआय_होस्ट/होस्ट१/स्कॅन या फाइलमध्ये मध्ये जागा सोडून तीन डॅश लिहायचे. होस्टचा आकडा आपल्या पोर्टप्रमाणे. डिस्क परत आली पण एसडीसी नावाने आली, तर जुनं एसडीबी अजून कुठेतरी माउंट आहे म्हणून ते अक्षर मोकळं झालेलं नाही. जुनं अनमाउंट करा. पण आनंद मानू नका, ती का पडली हे अजून कळलेलं नाही.

केबल आणि वीज

वारंवार गायब होणाऱ्या डिस्कचं कारण मला सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतं. मशिन बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, मग कॅबिनेट उघडा.

साटा केबल दोन्ही टोकांनी काढून परत बसवा. फरक पडला नाही तर चालू असलेल्या डिस्कची केबल इकडे लावून बघा, मग पोर्ट बदलून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तिन्ही एकदम बदलून डिस्क आली तर कारण हाती लागत नाही आणि महिन्याभरात फोन परत वाजतो. साटाचा आतला कनेक्टर साधारण ५० वेळा काढण्या-घालण्याच्या हिशोबानेच बनवलेला असतो, म्हणून जुनी, सतत हाताळलेली केबल ढिली होणारच.

एका डीटीपीवाल्याकडे डिस्क रोज दुपारीच जायची. डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या "स्मार्टसीटीएल -ए" मध्ये १९९ नंबरची ओळ, सीआरसी एररची, म्हणजे केबलमधून जाताना बिघडलेल्या डेटाची, दर आठवड्याला वाढत होती. बाकी सगळं स्वच्छ: ५ नंबर, म्हणजे बदललेले सेक्टर, शून्य, १९७, म्हणजे वाचता न येणारे सेक्टर, तेही शून्य. अशी कुंडली दिसली की डिस्क निर्दोष आणि वाट खराब. कॅबिनेटची बाजूची पत्री सरळ टोकाच्या केबलला दाबत होती. पत्री काढून मी टेस्ट करायचो तेव्हा सगळं व्यवस्थित, लावली की दाब, आणि दुपारी मशिन तापलं की सुटायची. काटकोनात वळलेल्या टोकाची केबल लावली, काम संपलं. १९९ चा आकडा कमी होत नसतो, हे त्यांना मुद्दाम सांगावं लागलं. केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला का, एवढंच बघायचं.

पॉवरचंही तसंच. एका वायरवर स्प्लिटर, त्यावर आणखी स्प्लिटर लावलेले असतील तर डिस्क एसएमपीएसच्या (मशिनच्या पॉवर सप्लायच्या) थेट वायरवर घ्या. विजेचा दाब सतत वरखाली होणाऱ्या भागात स्वस्त एसएमपीएस लवकर दम तोडतो, आणि डिस्क फिरायला लागताना सर्वात जास्त करंट मागते, म्हणून आधी डिस्क पडते. दुसरा एसएमपीएस तासभरासाठी उसना आणून लावणं हा विकत घेण्याआधीचा उपाय.

बाहेरच्या यूएसबी खोक्यातून काढलेली डिस्क आत लावली आणि ती फिरतच नाही, असं झालं तर ती मेली असं लगेच ठरवू नका. साटाच्या ३.३ आवृत्तीपासून पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की काही डिस्क बंदच राहतात. जुना एसएमपीएस तिथे ३.३ व्होल्ट देतो. ती पिन कॅप्टॉन टेपने (वीज अडवणाऱ्या पातळ टेपने) झाकली की डिस्क फिरते.

यूएसबी डिस्कला साध्या यूएसबी २ पोर्टकडून ५०० मिलिअँपिअर मिळण्याची हमी, यूएसबी ३ कडून ९००. हब काढा, केबल आखूड घ्या, मागच्या पोर्टला थेट लावा.

बायोस

बायोसमध्ये डिस्क दिसत नसेल तर लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही, केबलकडे परत जा. बायोसमध्ये दिसते आणि लिनक्समध्ये नाही, तर कंट्रोलरचा मोड बघा. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये तो रेड किंवा आरएसटी वर असेल तर एनव्हीएमई डिस्क साटा कंट्रोलरमागे झाकली जाते. डीमेसेजमध्ये कर्नल स्वतःच सांगतो की रीमॅप्ड एनव्हीएमई सापडली आहे, बायोस एएचसीआय या साध्या मोडवर न्या. ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच मशिनमध्ये हेच झाकण्याचं काम व्हीएमडी ही इंटेलची सोय करते. तिथे कर्नलमध्ये व्हीएमडी ड्रायव्हर असला तर डिस्क दिसते.

पण त्याच मशिनवर विंडोज असेल तर मोड बदलायच्या आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की हातात घ्या आणि विंडोजला पहिल्यांदा सेफ मोडमध्ये सुरू व्हायला लावा. नाहीतर लिनक्सची डिस्क येते आणि विंडोज निळ्या पडद्यावर बसतं.

डेस्कटॉपमध्ये नवी एम.२ डिस्क लावली आणि जुनी साटा डिस्क नाहीशी झाली, तर मदरबोर्डचं मॅन्युअल काढा. अनेक बोर्डांवर एम.२ चा खाचा भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. बिघाड काहीच नाही, पोर्ट बदला.

कर्नल अपडेटनंतर गेली?

मशिन सुरू होतानाच्या ग्रब मेनूमधून जुना कर्नल निवडा. त्यात डिस्क दिसली तर नव्या इनिट-रॅम-एफएसमध्ये ड्रायव्हर आलेला नाही. डेबियन-उबुंटूवर "अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल", फेडोराकडच्या कुटुंबात "ड्राकट -एफ --रीजनरेट-ऑल". जुना कर्नलही हात देत नसेल तर लाइव्ह यूएसबीवरून मशिन सुरू करा. तिथेही डिस्क नाही, तर दोष तुमच्या इन्स्टॉलेशनचा नाही, त्याच्यामागे लागणं सोडा.

एनव्हीएमई डिस्क चालता चालता पडते आणि डीमेसेजमध्ये "कंट्रोलर इज डाउन, विल रिसेट" येतं, तेव्हा बऱ्याचदा वीज वाचवण्याची खोल झोप नडते. ग्रबमधल्या कर्नलच्या ओळीत "एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०" टाकून काही दिवस चालवून बघा. थांबलं तर डिस्कच्या फर्मवेअरचं अपडेट आहे का ते शोधा.

इथे थांबा

डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येतोय. हाताला फिरणं जाणवत नाही आणि केबल, पोर्ट, एसएमपीएस तिन्ही बदलून झालेत. आकार शून्य किंवा भलताच दिसतोय. १९७ चा आकडा तुमच्या डोळ्यांदेखत वाढतोय. यातलं काहीही असलं आणि आत एकमेव प्रत असलेला डेटा असला, तर वीज काढा आणि ती पुन्हा लावू नका. "एकदा शेवटचं बघतो" यातच वाचणारं हेड प्लॅटरवर (फिरत्या तबकडीवर) घासतं. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवू नका, झाकण उघडू नका. त्याच मॉडेलचा सर्किट बोर्ड आणून लावण्याचा जुगाडही करू नका: आजच्या डिस्कमध्ये त्या विशिष्ट डिस्कची जुळणी बोर्डावरच्या चिपमध्ये असते, नुसता बोर्ड बदलून काम होत नाही.

आवाज स्वच्छ आहे, डिस्क दिसते, फक्त अधूनमधून वाचताना एरर येतात, अशा वेळी जीएनयू डीडीरेस्क्यूने दुसऱ्या मोठ्या डिस्कवर प्रत काढून बघायला हरकत नाही. मॅप फाइलचं नाव द्यायला विसरू नका, म्हणजे मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. वेग रोडावला किंवा आवाज बदलला की तिथेच सोडा.

डेटा रिकव्हरीवाल्याकडे जाताना कॅबिनेट उचलून नेऊ नका, फक्त डिस्क न्या, अँटिस्टॅटिक पिशवीत. सोबत कागदावर लिहा: कधीपासून, आवाज कसा, काय काय करून पाहिलं, फाइलसिस्टिम कुठली, एलव्हीएम किंवा लक्स होतं का. रेड असेल तर सगळ्या डिस्क न्या आणि कुठली कुठल्या पोर्टला होती ते त्यांच्यावर चिकटवा. काम सोपवण्याआधी दोन गोष्टी विचारा: नुसत्या तपासणीचे पैसे किती, आणि डेटा मिळाला नाही तर किती.